मायची सावली

आमच्या घरी मायचा एकच फोटो. १९८४ साली एका सरकारी अर्जासाठी काढलेला. नुसता चेहरा, तोही तिकिटाहून थोडा मोठा. १९८७ साली माय गेली. पुढे घरात लग्ने झाली, नातवंडे झाली, भिंत फोटोंनी भरली. पण त्यातल्या एकातही माय आमच्यासोबत उभी नाही. आम्हा तिघा भावंडांच्या मनाला ही रुखरुख कायमची लागून राहिली.

२६ जानेवारी २०२५ ला रविवार होता. झेंडावंदन झाले, जेवणे आटोपली आणि दुपारी तीनच्या सुमारास अकोल्याच्या आमच्या अंगणात सगळ्या कुटुंबाचा फोटो काढला. मधली एक जागा मायसाठी मोकळी ठेवली. शहरातल्या एका दुकानातून त्या जागेवर माय बसवून आणली. चेहरा मायचा, धड भलत्याच बाईचे. थोरली ताई चष्मा लावून बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "हे माय नाही बाप्पा. हिचे पाय तं जमिनीले टेकलेच नाहीत."

ताईचे म्हणणे खरे होते. का ते पुतण्याने दाखवले. तो बॅनर तयार करणाऱ्या दुकानात कामाला आहे. घर दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन आमच्या उजव्या गालावर होते. मायच्या जुन्या फोटोत मात्र स्टुडिओतला दिवा तिच्या डाव्या बाजूला. आम्हा सर्वांच्या सावल्या मुरमावर पडलेल्या आणि मायला सावलीच नाही! मग फोटो उलटा करून पाहिला. उजेड जुळला, पण मायच्या नाकातली चमकी डावीकडून उजवीकडे गेली. ताईने तीही चूक लगेच धरली.

तेव्हा ठरले की मायची पूर्ण आकृती संगणकातच घडवायची. ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम २००२ सालापासून सर्वांना मोफत व खुला आहे. मातीचा पुतळा घडवावा तशी त्यात आकृती घडवता येते आणि तिच्यावर हवा तिथून उजेड टाकता येतो. पण तो कुठून आणि किती टाकायचा, हे आधी ठाऊक हवे. त्यासाठी तसाच सूर्य पुन्हा हवा होता.

पुतण्याने हिशेब करून सांगितले, "काका, जानेवारी यायची वाट पाहायला नको. २६ जानेवारीला सूर्य ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने नोव्हेंबरच्या मध्यालाही जातो. घड्याळात मात्र अर्धा तास आधी." म्हणून १६ नोव्हेंबरला, दुपारी अडीच वाजता, आम्ही टेप घेऊन अंगणात उतरलो. थोरला भाऊ आपल्या जुन्या जागी उभा राहिला. त्याची उंची ६६ इंच, सावली भरली ८८ इंच. म्हणजे तीनाला चार. माय पावणेपाच फुटांची, ५७ इंच. तिची सावली ७६ इंच पडायला हवी. सूर्य नैऋत्येला, जमिनीपासून सुमारे ३७ अंशांवर. हेच आकडे संगणकात भरले.

मग मायच्या जागेवर स्टूल ठेवून त्यावर घासलेला स्टीलचा गडू पालथा घातला आणि त्याचा फोटो काढला. आकाश, भिंत, मुरूम, सगळे त्या गडूत दिसते. कुठून किती उजेड येतो ते त्यावरून कळते. पॉल डेबेवेक या अमेरिकन संशोधकाने १९९८ साली आरशासारख्या गोळ्याचे फोटो घेऊन ही युक्ती जगापुढे मांडली. आमचा गडू काही पुरता गोल नाही, पण काम भागले. मायच्या उंचीची ताईच. ती मायचे लुगडे नेसून त्या जागी उभी राहिली, म्हणून चुण्यांतला उजेडही समजला.

सावली काळी नसते, हे आम्हाला तेव्हा उमगले. निळ्या आकाशाचा उजेड तिच्यात उतरतो. मुरमाचा तांबूस रंग हनुवटीखाली चढतो. पायाजवळ सावलीची कड रेखीव, पुढे ती विरत जाते, कारण सूर्य टिंबाएवढा नसून आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. आणि टाचेखाली एक बारीक गडद रेघ असते. ती रेघ काढली, तेव्हा मायचे पाय जमिनीला टेकले.

शेवटी एक गोष्ट उरली. मायची सावली तिरपी मागे जाऊन आमच्या सहा वर्षांच्या नातीच्या फ्रॉकच्या घेरावर पडत होती. पुतण्याने विचारले, "आत्या, पोरीवरची सावली पुसून टाकू का?" दुकानात गिऱ्हाईक तसे सांगतात.

आम्ही तिघेही गप्प झालो. पेशवाईत पुण्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी वेशीच्या आत येऊ देत नसत, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. सावलीच्या विटाळाविषयी बाबासाहेबांनीही १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आमचा फोटो नेमका तीनचा, आणि तोही प्रजासत्ताक दिनाचा. ताई म्हणाली, "पुसू नको. मायची सावली लेकराच्या अंगावर पडू दे."

फोटो आता भिंतीवर आहे. धाकट्या भावाच्या मनात शंका होती की पुढची पिढी यालाच खरे मानेल. ती रास्त होती. म्हणून फोटोच्या मागे आम्ही लिहून ठेवले, "माय १९८७ साली वारली. तिची आकृती २०२५ साली संगणकात घडवून येथे बसवली." मायवरची माया खरी आहे, तिला खोट्याचा आधार नको.

वाचक बंधू-भगिनींना एकच सांगणे. घरात म्हातारे माय-बाप असतील तर त्यांचा फोटो आजच काढा. नुसता चेहरा नको, पूर्ण उभे, उन्हात, पाय आणि सावलीसकट. मागे तारीख आणि वेळ लिहा. आम्हाला जे हिशेबाने शोधावे लागले, ते तुमच्या अंगणात आज फुकट पडलेले आहे.