उसनी रेघ

उलव्याला राहायला आलो, तेव्हा मुलाला एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या क्लासला सोडायला मी जायचे. जुन्या गावात एका ओटीवर सर आठ-दहा मुलं घेऊन बसत. ताटकळण्यापेक्षा बरं म्हणून एक दिवस मीही कागद घेऊन बसले. फी विचारली तर म्हणाले, "तुमची राहू दे बाकी."

सर तेव्हा उलव्याची टेकडी काढत होते. विमानतळासाठी तिला सुरुंग लागत होते. आज दिसलेली कड पुढच्या आठवड्यात असेलच असं नव्हतं. रोज संध्याकाळी, कोळशानं. मी त्यांच्याच कागदांवरून टेकडी उतरवायचे आणि कुणी पाहिलं की ओशाळायचे.

जानेवारी २०१८मध्ये सर म्हणाले, "चला, प्रिन्स ऑफ वेल्सला जाऊन येऊ." उलव्यातल्या खारकोपर स्टेशनला लोकल अजून यायची होती. बसनं नेरूळ, पुढे हार्बरनं सीएसएमटी. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 'भारत आणि जग' प्रदर्शन भरलं होतं. ब्रिटिश म्युझियमहून आलेल्या एका लहानशा रेखाटनापाशी सर थांबले. रेंब्रांटनं काढलेला जहांगीर!

रेंब्रांट हिंदुस्थानात कधी आला नाही. पण ॲमस्टरडॅममध्ये मुघल चित्रं पोचली होती. १६५६मध्ये कर्जापायी त्याचं दिवाळं निघालं आणि त्याच सुमाराला तो ती चित्रं जपानी कागदावर उतरवत होता. अशी वीसेक रेखाटनं आजही आहेत. मुघल चित्रातलं सोनं, रंग सगळं गेलेलं. उरलेल्या तपकिरी शाईच्या चार हलक्या रेघा. पण दरबारातली अदब जशीच्या तशी.

सरांनी चष्मा काढला, काचेशी वाकले. रखवालदार खाकरला. मागे सरत सर म्हणाले, "पाहिलंत? एवढा मोठा माणूस, त्यानंही बघून काढलं. उसनं घ्यायला लाजू नये. कुणाचं घेतलं, ते विसरू नये."

पुढे गाव उठलं, टेकडी सपाट झाली. सरांच्या नव्या घरी मी माझी टेकडी घेऊन गेले. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सरांच्या चित्रावरून'. त्यांनी एक कड बोटानं जरा पुसून मऊ केली.

"माझं नाव कशाला? मीही टेकडीवरूनच काढली होती."

फी त्या दिवशीही घेतली नाही.