अंतर कुठून मोजायचे?

धानाची जात किती दिवसांची, असे तुम्ही मला नेहमी विचारता. मी १३५ म्हणतो. मी मोजतो पऱ्हे टाकल्यापासून, तुम्ही धरता रोवणीपासून, आणि मग कापणीला आपला हिशेब जमत नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे हे समजावून सांगणारा मी, प्रवासात मात्र तीच चूक करून बसलो.

जुलै २०२५ ची गोष्ट. पहाटे साडेचारला कल्याणहून फोन आला. थोरले बंधू गेले. पुतण्या म्हणाला, "काका, सहापर्यंत थांबतो. त्यापुढे नाही जमणार."

नागपूर-मुंबई विमान दीड तासाचे. समृद्धी महामार्गही ५ जूनलाच आमण्यापर्यंत पूर्ण झाला होता. ७०१ किलोमीटर, मोटारीने आठ तास. (आपल्या ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला तिथे मनाई आहे, ते असो.) म्हटले, सहज पोचू. ऐनवेळची विमानाची तिकिटे दोघांपुरतीच परवडली, ऐंशी वर्षांची आई आणि मी. धाकटा भाऊ आम्हांला विमानतळावर सोडून त्याच भाड्याच्या गाडीने पुढे जाणार होता.

साडेपाचला निघालो. गावापासून तीन किलोमीटरवर रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गाडी घालत नाही." त्याचे बरोबरच होते. पाणी उतरेपर्यंत एक तास गेला. आई पदर तोंडाला लावून बसून होती. धाकटा दर पाच मिनिटांनी खाली उतरून दगडाची खूण पाहायचा.

भंडारा सोडून नागपूरच्या विमानतळावर पोचायला साडेआठ वाजले. साडेदहाचे विमान पावणेबाराला उडाले. दीड तास हवेत, अर्धा तास सामान आणि टॅक्सीत, आणि पुढे पावसात तुंबलेल्या रस्त्याने कल्याण गाठायला दोन तासांवर. चार वाजले. म्हणजे दीड तासाच्या विमानाला आमच्या अंगणापासून साडेदहा तास लागले. पण आईला लेकाचे तोंड दिसले.

धाकटा शिवमडक्याहून नऊला समृद्धीवर चढला. वाटेत दोनदा थांबला तेवढाच, इगतपुरीच्या लांब बोगद्यातून खाली उतरून साडेपाचला आमण्याला आला. कल्याणला पोचला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. आम्ही स्मशानात होतो, आणि अग्नी दिलेला होता. तो काही बोलला नाही. रात्री जेवायला बसल्यावर एवढेच म्हणाला, "रपट्यावर तास गेला ना, दादा."

त्या रपट्यावर पूल हवा, असा ठराव ग्रामसभेत मी स्वतः दोनदा लिहून दिला आहे.

तेराव्यानंतर परतताना आई विमानाला तयार होईना. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर बसून आलो, भंडारा रोडला उतरलो. रपट्यावरचे पाणी ओसरले होते. धाकट्याने ठेवलेला खुणेचा दगड अजून तिथेच होता.