पिस्त्याच्या मुलखातून दादास

फ्रेस्नो, ५ सप्टेंबर

ती. दादास,

काल दिवसभर पिस्त्याच्या बागेत होते. सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते. फ्रेस्नोहून बेकर्सफिल्डकडे ९९ नंबरचा हायवे जातो. त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल द्राक्ष, बदाम, संत्री आणि पिस्ता. बाग एका पंजाबी बागायतदारांची. पंजाबी माणसं या खोऱ्यात शंभर वर्षांहून अधिक काळ शेती करतात, त्यामुळे हिंदीत भरपूर बोलता आलं.

पिस्ता घोसात लागतो. पिकला की वरची साल पिवळसर गुलाबी होते आणि चिमटीत दाबली की सुटते. आतलं टणक कवच झाडावर असतानाच उकललेलं असतं. मला इतकी वर्षं वाटायचं, ते यंत्राने फोडत असतील! साल बोटांत चुरडली तर थेट कैरीचं देठ मोडल्यासारखा चिकाचा वास आला. आंबा, काजू, बिब्बा आणि पिस्ता एकाच कुळातले, त्यामुळे तो येणारच.

तोडणीला माणूस झाडावर चढत नाही. दोन यंत्रं झाडाच्या दोन बाजूंनी येऊन भिडतात, त्यांच्या उतरत्या फळ्यांनी बुंध्याभोवती झोळी तयार होते. एक यंत्र खोड पकडतं आणि काही सेकंद गदगदा हलवतं. वरून दाण्यांचा नुसता सडा. धुरळा उठतो, कानठळ्या बसतात आणि यंत्रं पुढच्या झाडाकडे सरकलेलीसुद्धा असतात. बदाम इथे जमिनीवर पाडून तिथेच वाळवतात. पिस्ता मात्र मातीला टेकू द्यायचा नाही. एका दिवसाच्या आत साल काढून दाणा वाळवणीला लावावा लागतो, नाहीतर सालीचा डाग कवचावर उतरतो. पूर्वी अमेरिकेत पिस्ते लाल रंगात रंगवून विकत, ते मुख्यतः असे डाग झाकायला. कारखान्यात माल पाण्याच्या हौदातून जातो, पोकळ दाणे तरंगतात ते बाजूला. पोकळ किती, न उकललेले किती, डागाळलेले किती, यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. हिशेब आपल्या डाळिंबाच्या प्रतवारीइतकाच निष्ठुर आहे.

टेरा बेला, १० सप्टेंबर

ती. दादास,

पोरींनी मोबाईलवर बघून हट्ट धरला होता ते दुबई चॉकलेट इथेही दुकानादुकानांत आहे. दुबईतल्या सारा हमूदा यांनी २०२१ च्या सुमारास ते काढलं, २०२३ च्या डिसेंबरात त्याचा एक व्हिडिओ जगभर फिरला आणि पिस्त्याच्या गराला एकदम मागणी आली. पौंडाचा भाव वर्षभरात साडेसात डॉलरच्या आसपास होता तो दहाच्या वर गेला. पण दादा, पिस्त्याचं झाड लावल्यावर पहिलं नाव घेण्याजोगं पीक यायला सहा-सात वर्षं लागतात, भर यायला दहा-बारा. आज जो माल निघतोय तो या चॉकलेटचं नावही नव्हतं तेव्हा लावलेल्या झाडांचा आहे. आजचा भाव बघून लावलेल्या झाडाला पीक येईल तेव्हा भाव कुठे असेल, हे इथलाही कोणी सांगत नाही.

या खोऱ्यात पिस्ता आला कसा, ते मात्र तुला सांगायलाच हवं. १९२९ साली विल्यम व्हाइटहाउस नावाचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ इराणला गेला, सहा महिने बागा आणि बाजार पालथे घातले आणि सुमारे नऊ किलो बी घेऊन परतला. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या केंद्रात त्याची रोपं झाली. वर्षानुवर्षं पारखून त्यातल्या अगदी मोजक्या झाडांवर बोट ठेवलं गेलं. त्यांतलं एक रफसंजानच्या बियाचं. त्याला नाव दिलं 'केरमान'. १९५७ मध्ये ते वाण शेतकऱ्यांना खुलं झालं आणि पहिलं विक्रीजोगं पीक निघालं १९७६ मध्ये, पंधरा लाख पौंडांचं. २०२३ मध्ये याच राज्यात जवळपास दीडशे कोटी पौंड निघालं. मधल्या काळात इराण-अमेरिका संबंध बिघडले, १९८६ मध्ये इराणी पिस्त्यावर २०० टक्क्यांच्या वर शुल्क बसलं, याचाही इथल्या बागायतदारांना मोठा हातभार लागला. तरी मला त्या नऊ किलो बियांमागची चिकाटीच मोठी वाटते. एका झाडासाठी जवळजवळ तीस वर्षं थांबणारं सरकारी खातं!

आणखी एक. कासेगावकडे द्राक्षाला डॉगरिजचा खुंट घेतात, तसा इथे पिस्त्यालाही खुंट लागतो, कारण मातीतल्या मर रोगापुढे केरमानची मुळं टिकत नाहीत. त्या खुंटांत ज्या जातीचं रक्त आहे ती हिमालयाच्या पायथ्याची. तिच्या पानांवर कीड शिंगासारख्या गाठी करते, त्या वाळवल्या की आपली काकडशिंगी. आई खोकल्यावर मधातून चाटवायची तीच. इराणचं कलम आणि आपल्याकडचा खुंट, असं हे झाड आहे.

कॉर्कोरन, १४ सप्टेंबर

ती. दादास,

सांगोल्याच्या माळावर पिस्ता येईल का, असं तू काल फोनवर विचारलंस. रोपवाटिकेचा माणूस एकरी बुकिंग घेतोय म्हणालास. मी इथे तिघा-चौघांना विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पिस्त्याला ऊन आणि कोरडा उन्हाळा हवा, तो आपल्याकडे आहे. हलकी, खारवट जमीन त्याला चालते, तीही आहे. पण त्याला हिवाळा लागतो. डाळिंबाला आपण पाणी तोडून ताण देतो आणि बहार धरतो. पिस्त्याची विश्रांती थंडीच्या तासांवर मोजतात. केरमानला पारा सात अंशांच्या खाली असलेले आठ-नऊशे तास हवेत. आपल्याकडे पारा तिथवर उतरला की बातमी होते! थंडी कमी पडली तर झाड एकसारखं फुटत नाही. शिवाय नर झाड वेगळं, मादी वेगळं. वीस-पंचवीस माद्यांमागे एक नर लावतात, पराग वारा नेतो, मधमाशीचा उपयोग नाही. दोघांचा मोहोर एका वेळी आला नाही की कवचं भरपूर आणि आत गर नाही. इथेच २०१५ मध्ये हिवाळा उबदार गेला आणि पीक आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं, बागाच्या बागा पोकळ दाण्यांनी भरल्या. हिवाळ्यातलं इथलं दाट धुकंही कमी होत चाललंय, म्हणून काही जण कळ्यांना ऊन लागू नये यासाठी झाडांवर पांढरी चिकणमाती फवारतात. इतकं करूनही वर्षाआड पीक कमी येतंच.

पाण्याचंही ऐक. पिस्ता कमी पाण्यावर जगतो हे खरं, पण जगणं वेगळं आणि पिकणं वेगळं. भरघोस पिकासाठी त्याला हंगामभर जवळजवळ मीटरभर उंचीचं पाणी द्यावं लागतं. त्याचा परिणाम आज कॉर्कोरनमध्ये डोळ्यांनी पाहिला. वर्षानुवर्षांच्या बोअरच्या उपशाने इथली जमीन खचत गेली आणि गावाभोवतीचा पुराचा बांध पुन्हा पुन्हा उंच करावा लागला. २०१४ मध्ये भूजलाचा कायदा झाला, त्यामुळे आता उपशावर बंधनं येताहेत आणि काही रानं पडीक ठेवावी लागताहेत. झाड शंभर वर्षं जगणारं आहे. पाणी तितकं पुरेल असं इथे कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

तेव्हा दादा, पिस्ता लावू नकोस. बुकिंगचा एक रुपयाही देऊ नकोस, आणि तुमच्या शेतकरी गटात ज्यांनी दिला असेल त्यांना त्या माणसाला एवढंच विचारायला सांग: आपल्या तालुक्यात पिकणारी एक बाग दाखव, आणि तिची दोन हंगामांची विक्रीची पावती दाखव. वहिनींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुझी,
शालन