एक खार, एक शेवाळ

हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय! अलास्कात जमिनीत बीळ करून राहणारी एक खार आहे, वजनाला किलोच्या आतबाहेर. वर्षातले सात-आठ महिने ती बिळात निजलेली असते. पण निजणं कसलं ते! १९८९ मध्ये ब्रायन बार्न्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की या झोपेत तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. शून्याच्या खाली, आणि तरी रक्त गोठत नाही. सस्तन प्राणी आहे हो, तुमच्याआमच्यासारखा!

या खारीनेच वेड लावलं होतं, त्यात ते वाळवंटी शेवाळ भेटलं. सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस. चीनच्या गुरबानतुंगुत वाळवंटात वाळूवर त्याचा थर असतो. पानाच्या टोकाला पांढरा केस. त्यावर दव धरायचं आणि प्यायचं. सुकलं की काळं ठिक्कर, पाणी मिळालं की काही सेकंदांत हिरवं. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी त्याचा अक्षरशः छळ मांडला. ९८ टक्क्यांहून जास्त पाणी काढून घेतलं, उणे ८० अंशांत पाच वर्षं ठेवलं, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर महिनाभर बुडवलं. पठ्ठ्या पुन्हा फुटला!

आता दोघांना शेजारी ठेवा. खारीला पूर्ण थांबणं परवडतच नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती कुडकुडून अंग ३६-३७ अंशांपर्यंत तापवते, काही तास तशी राहते आणि पुन्हा गार पडते. हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा या जागं होण्यातच जळतो. हा खर्च मेंदूपायी असावा, असं काही अभ्यासक मानतात : झोपेत मज्जापेशींच्या फांद्या आखडतात, जाग आली की पुन्हा वाढतात. शेवाळाला ना मेंदू, ना हृदय. खार शटर ओढून आत दिवा जळता ठेवते. शेवाळ मीटरच काढून टाकतं.

त्याच कुळातलं हायोफिला आपल्याकडच्या भिंतींवर, कातळांवर सर्रास सापडतं. मे महिन्यात त्याच्या पानांच्या कडा आत वळलेल्या असतात, हात लावला की चुरचुरतं. वर पाण्याचे चार थेंब टाका आणि भिंग धरा : पानं उलगडायला लागतात, डोळ्यांदेखत! खारीसाठी मात्र अलास्का गाठावं लागेल, आणि बाईसाहेब एप्रिलच्या सुमारापर्यंत दार उघडणार नाहीत.