शून्य नंबरचा स्वेटर

अकोल्यात स्वेटर विणणाऱ्या बाईची लोकांना जरा कीवच येते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारं हे गाव. थंडी म्हणाल तर डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, आणि तीही रात्रीची. तेवढ्यासाठी तिबेटी स्वेटरवाले येऊन बसतात, लुधियानाचा माल दुकानादुकानात लटकतो. आमच्या जठारपेठेत हातविणीच्या कपड्याला गिऱ्हाईक उरलं ते फक्त बाळंतिणीच्या घरचं. मुलं मोठी झाली तशा माझ्याही सुया पिशवीत गेल्या.

त्या बाहेर निघाल्या देवामुळं. आमच्या शेजारी मारवाडी कुटुंब आहे. पणजोबा कापसाच्या व्यापारापायी इकडे आले, आता घरात मारवाडी आणि दारात वऱ्हाडी अशी त्यांची भाषा. एका कार्तिकात भाभींनी पितळेचा लड्डू गोपाळ, म्हणजे रांगता बाळकृष्ण, माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, "ताई, याले थंडी वाजून राह्यली. काहीतरी विनून द्या ना." आमच्या पंढरीच्या विठोबालाही थंडीत रजई, शाल नि कानपट्टी लागते, मग हे तर रांगतं लेकरू. या मूर्ती बाजारात नंबरावर मिळतात. हा शून्य नंबरचा, माझ्या अंगठ्याहून जरासा मोठा.

मी घरात होती ती लोकर घेतली आणि १४ नंबरच्या सुया. आपल्याकडे सुयांचा नंबर वाढला की जाडी कमी होते. १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर. बाळाच्या टोपड्याला ती बारीक वाटते. इथं मात्र तिच्यावर चार पदरी लोकरीचे टाके घातले तर देवाच्या अंगावर दोरखंड गुंडाळल्यासारखं दिसायला लागलं. लोकरीचा एक पदर सोडवून घ्यावा तर तो तुटतो, आणि त्याची लव तेवढीच राहते. शेवटी भरतकामाच्या डब्यातली अँकरची लडी काढली. आठ मीटरच्या त्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घेतले. वऱ्हाडातल्या बाईनं लोकरीची हौस केली आणि देवानं तिला परत कापसावर आणून ठेवलं.

सुयांचा प्रश्न होताच. गोधडी शिवायच्या लांब सुया आणल्या, टोकं पाट्यावर घासून बोथट केली आणि नेढ्याच्या बाजूला एम-सीलनं एकेक मणी चिकटवला, टाके मागून घसरू नयेत म्हणून.

मोठ्या स्वेटरला बारानं भागलं की छोटा होतो, असं बघणाऱ्याला वाटतं. हिशेब करून पाहा. ३६ छातीच्या स्वेटरचा पुढचा भाग १८ इंचांचा. इंचाला सहा टाके धरले तर १०८ होतात. बाहुल्यांची घरं करणारे हौशी लोक फुटाला एक इंच हे माप धरतात. नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन ल्युटेन्सनंच आखलेलं, १९२४ साली पुरं झालेलं राणी मेरीचं बाहुलीघर विंडसरच्या किल्ल्यात आहे, तेही याच मापाचं. त्या मापानं आपला १८ इंचांचा भाग दीड इंचाचा होतो. माझ्या हाताला इंचात वीस टाके बसतात, म्हणजे मला मिळाले तीस. १०८ टाक्यांत जे सांगायचं ते तीस टाक्यांत सांगायचं. आठ टाक्यांची वेणी दोन टाक्यांवर आणायची. एक सुलट, एक उलट अशी पट्टी या मापात काठाला जाड दिसते, म्हणून तिथं दोन ओळी नुसत्या सुलट. शिवण घातली की दोन टाके आत जातात. तिसातले दोन कोण देईल? म्हणून गळ्यापासून खाली सगळं अखंड विणायचं. माझ्या मते खरं कसब बारीक टाक्यात नाही, काय गाळायचं ते ठरवण्यात आहे.

अर्थात जगात न गाळणारेही आहेत. 'कोरलाइन' नावाचा २००९ चा बाहुल्यांचा चित्रपट आहे. त्यातल्या नायिकेचे इवलेसे स्वेटर अमेरिकेच्या अल्थिया क्रोम यांनी विणले. सुया त्या स्वतःच बारीक तारेच्या करतात आणि काही कामांत इंचाला ऐंशीहून जास्त टाके घेतात. म्हणजे त्या दीड इंचात १२० टाके, आपल्या मोठ्या स्वेटरच्या पुढच्या भागापेक्षाही जास्त! हे वाचून मी विणकाम बाजूला ठेवलं आणि चहा टाकला.

लड्डू गोपाळाची आणखी एक अडचण. एक हात लाडू धरून वर, दुसरा जमिनीला टेकलेला, आणि पितळेचं कोपर काही वाकत नाही. गळ्यातून स्वेटर जाणार कसा? म्हणून पाठ उघडी ठेवली, वरच्या हाताची बाही खालून सोडली आणि बंदांनी बांधली. रांगणाऱ्याची पाठ लांब पडते, तर मागच्या बाजूला चार ओळी जास्त. गुंडीच्या जागी मंगळसूत्रातला काळा मणी. नजरेचंही काम झालं.

हे सगळं करायचं ते सकाळी दहाच्या उन्हात, खिडकीशी. गळालेला टाका डोळ्यांना दिसत नाही, नखानं चाचपावा लागतो. उन्हाळ्यात तर नावच नको. बोटं घामेजली की सूत चिकटतं, आणि कुलर लावला की त्याच्या वाऱ्यानं ते उडतं. सासूबाई दारातून बघून म्हणायच्या, "डोये फोडून घेशीन बाई एखांद्या दिवशी!" आणि मग स्वतःच चष्मा पुसून जवळ यायच्या. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या पिलवंडांना, म्हणजे लेकरांना, सासूबाईंनीच माझ्याकडून टोपडी विणून घेतली, रंगही निवडले, आणि येणाऱ्या बायकांना ती आपण केल्याच्या थाटात दाखवली. मला ते आवडलं.

भाभींच्या देवाचा स्वेटर बघून त्यांच्या नात्यातल्या एक बाई आल्या. त्यांना तसाच हवा होता, हिरवा, वेणीचा. बाजारात असे पोशाख पाच-पन्नासात मिळतात, मशीनचे. मी माझी किंमत सांगितली. किती दिवस लागतात तेही सांगितलं. त्या हसल्याच. "अहो ताई, एवढ्यात तं माया नवऱ्याचा स्वेटर येईन!"

"येईल की," मी म्हटलं, "पण तो दुकानातनं घ्या."

त्या गेल्या. तासाभरानं हिरव्या लड्या घेऊन परत आल्या, सोबत देव, आणि किमतीवर पुन्हा घासाघीस करायच्या तयारीनं त्यांची जाऊ.