वीस माकडे

वानरांच्या फौजा घोड्यांवर स्वार होऊन, हाती बंदुका घेऊन माणसांच्या वस्तीवर चालून येतात, असा ‘डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ हा २०१४ सालचा इंग्रजी चित्रपट नातवंडांच्या आग्रहावरून आम्ही पाहिला. युद्ध डोळे दिपविणारे खरे, पण मनात राहिला तो कोबा. प्रयोगशाळेत हाल सोसलेला हा वानर अंगावरचे एकेक व्रण सीझर या आपल्या म्होरक्याला दाखवितो. हेच माणसांचे काम, असे त्याचे म्हणणे. पुढे तोच सीझरवर गोळी झाडून आळ माणसांवर घालतो आणि युद्ध पेटवितो. चित्रपटाला खलनायक मिळतो. त्या व्रणांचा हिशेब मात्र तसाच राहतो.

असा एक हिशेब आपल्याकडचाही आहे. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी ऱ्हीसस माकडे हवी होती. एके काळी ही माकडे भारतातूनच परदेशी प्रयोगशाळांकडे जात. १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने ती निर्यात थांबविली. आता गरज घरचीच होती. मच्छेहून खानापूर-जांबोटीकडे जाताना रस्त्याकडेला दिसतात ती टोपी माकडे, म्हणून आपल्या रानातली सुटली म्हणावयाची. ऱ्हीसस उत्तरेकडचे. टाळेबंदीत खाऊ घालणारी माणसेच रस्त्यावर नसल्याने तीही रानात आत शिरली होती. वन विभागाच्या मदतीने शोध चालला आणि अखेर नागपूरकडे ती सापडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी ही हकीकत पुस्तकात लिहिली असून त्याच पुस्तकावर २०२३ मध्ये ‘द व्हॅक्सिन वॉर’ हा हिंदी चित्रपट निघाला. नावात इथेही युद्धच!

माकडे वीस, पाच-पाचांचे चार गट. तीन गटांना लशीचे तीन प्रकार, चौथ्याला लशीवाचून नुसतेच टोचणे. चौदा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, आणखी चौदा दिवसांनी सर्वांच्या शरीरात विषाणू. लस घेतलेल्यांनी तो परतविला. सातव्या दिवशीच्या तपासणीत फुप्फुसांच्या ऊतीही होत्या, असे शोधनिबंध सांगतो. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे अशी कोरडी वाक्ये वाचण्याची आम्हांस सवय आहे. याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. प्रयोग करूच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. आम्हां उभयतांना मिळाली ती कोव्हॅक्सिनच.

आणि निसटलेली माकडे काय करतात? नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात दार नीट न लावल्याने संशोधन केंद्रातून ४३ माकडे पळाली. त्यांतली बरीच कुंपणापाशीच घोटाळत राहिली. खाण्याच्या ओढीने एकेक परतली, शेवटची जानेवारी २०२५ मध्ये हाती लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिसिसिपीत माकडांचा ट्रक उलटला, तेव्हा ती रोगट असल्याची बातमी पसरली आणि काही मारली गेली. त्यांना कोणताही संसर्ग नव्हता, असा खुलासा नंतर संबंधित विद्यापीठाकडून आला.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीतून ऱ्हीसस माकडाचे नाव वगळणारी दुरुस्ती लोकसभेत ऑगस्ट २०२२ मध्ये संमत झाली. शेतातला धुडगूस आम्हीही पाहिला आहे, तेव्हा शेतकऱ्याची तक्रार खोटी कशी म्हणावी? लसीकरण सुरू झाले होते जानेवारी २०२१ मध्ये. मध्ये दोन वर्षेही गेली नव्हती.