वास्तू तथास्तु म्हणत नाही

प्रिय बयो,

तुझा मेसेज रात्री अडीचचा. वाचल्यावर लगेच फोन करावासा वाटला, पण तू ‘काही नाही गं मावशी, झोप झाली नाही’ म्हणून विषय मिटवला असतास. शिवाय खोलीत ताई असणारच. म्हणून पत्र लिहिते आहे. वाचून हवं तर फाडून टाक.

विळी दिसली की बाळाच्या गळ्याशी काहीतरी होताना दिसतं. गॅलरीत उभी राहिलीस की हात सुटतो असं वाटतं. टाळू भरताना मनात येतं, आत्ता जोरात दाबलं तर? आणि शेवटी तू विचारलंस, मी आई आहे की राक्षसीण? राक्षसीण नाहीस. हे आधी लिहून टाकते, बाकीचं सावकाश.

बाळंतिणींच्या वॉर्डात माझी उभी हयात गेली. असे विचार येणाऱ्या कितीतरी जणी असणार, पण बोलल्या थोड्याच. त्याही डिस्चार्जच्या दिवशी, दारात, सासू रिक्षा बघायला गेलेली असताना. कॅनडात फेअरब्रदर आणि वूडी या दोघींनी नव्या आयांना हे सरळ विचारलं. त्यांचा अभ्यास २००८ साली छापून आला. बाळाला अपघाताने काही होईल, हा विचार सगळ्याजणींना आला होता. आपल्याच हातून, मुद्दाम इजा होईल, हा विचार जवळजवळ निम्म्यांना. त्याच्या कितीतरी आधी, १९७८ मध्ये, रॅकमन आणि डी सिल्वा यांनी चारचौघांसारख्या माणसांच्या मनात येणारे नकोसे विचार गोळा केले आणि रुग्णांच्या विचारांशेजारी ठेवले. कुठला कुणाचा, हे तज्ज्ञांनाही नीट ओळखता येईना.

म्हणजे विचार सगळ्यांनाच येतात. कुणी ‘काय भलतंच’ म्हणून भाजी चिरायला लागतं आणि कुणी तिथेच अडकतं. आपल्या घरात अडकायची सोय पहिल्यापासून आहे. आठवतं ना, काही अभद्र बोललं की आजी तोंडावर हात ठेवायची? वास्तू तथास्तु म्हणते! बोलायचं तर नाहीच, मनातही आणायचं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. आजीच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण या शिकवणीचा मला राग आहे. मनात आलं म्हणजे निम्मं घडलंच, असं ती लहानपणीच आपल्या डोक्यात घालते. मानसोपचारवाले विचार आणि कृती यांच्या या सरमिसळीला आजाराचं एक मूळ मानतात. मग जी बाई बाळाला सगळ्यात जास्त जपते, तिलाच या विचारांची सगळ्यात जास्त दहशत बसते.

‘मनात आणूच नकोस’ हा सल्ला तुला एव्हाना तिघीचौघींनी दिला असेल. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही वैद्यबुवांची अट तुला ठाऊक आहेच. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं. माकडाऐवजी पांढरं अस्वल. पाच मिनिटं त्याचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर मोकळीक दिल्यावर या मुलांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं.

आता तुझं बघू. विळी माळ्यावर टाकलीस. गॅलरीचं दार लावून घेतलंस. रात्री बाळ ताईकडे देतेस. जावईबापूंना दिवसातून कितीदा तरी विचारतेस, ‘मी काही करणार नाही ना?’ ते बिचारे ‘नाही गं’ म्हणतात, तुला घटकाभर बरं वाटतं आणि प्रश्न परत येतो. त्रास वाढतो आहे तो इथे. विळी लपवलीस की मनाची खात्री पटते, धोका खराच होता, लपवली म्हणून वाचलो. यावरचा उपचार ऐकायला निर्दय वाटेल. ज्याची भीती वाटते त्याच्या थोडं थोडं जवळ जायचं, आणि सुटकेसाठी जे करतो ते करायचं नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या वाटेने रुग्ण बरे केल्याचं लिहिलं. आजही मंत्रचळावर, म्हणजे ओसीडीवर, हाच मुख्य मानसोपचार आहे. पण तो शिकलेल्या माणसाबरोबर करायचा, माझं पत्र वाचून एकटीने नाही.

गोळ्यांना घाबरू नकोस. सर्ट्रालीनसारखं औषध अंगावर पाजणाऱ्या आयांनाही देतात, दुधात ते फार थोडं उतरतं. गुण यायला काही आठवडे लागतात. तुला द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

एक मात्र नीट वाच. हे विचार तुला नकोसे वाटतात, त्यांनी तू हादरतेस, ही खूण चांगली आहे. पण ते बरोबरच आहेत असं वाटू लागलं, कुणाचे आवाज ऐकू आले, रात्र रात्र न झोपताही झोपेची गरज वाटेना, किंवा स्वतःचा जीव नकोसा झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. घरात जो असेल त्याला उठवायचं, बाळ त्याच्याकडे द्यायचं आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. तो आजार वेगळा आणि तातडीचा. मध्यरात्री नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

ताईला मी सांगते. ती आधी रडेल, मग दृष्ट काढेल. काढू दे. पण रात्री बाळ तिच्याकडे द्यायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. झोप तुलाही हवीच आहे. शुक्रवारी मी येते, मानसोपचारतज्ज्ञांकडे आपण दोघी जाऊ. मेसेजमध्ये मला लिहिलंस ते तसंच्या तसं तिथे वाचून दाखव, गाळू नकोस. त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं. बाळाला बरोबरच घेऊ, रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही आणि त्याला दोन तासांनी प्यायला लागतं. दुपट्यांची पिशवी भरून ठेव.

तुझी,
मावशी